वर काहीच नाही

१

अकराशे माणसांचे पाय चोरीला गेले होते. दादा फोनवर असंच म्हणाला, आणि इतक्या मोठ्याने म्हणाला की ताईने फोन कानापासून हातभर लांब धरला.

"आणि चोरही सापडलाय," तो पुढे म्हणाला. "तुमचा लाडका मास्तर. चार वाजता मी पोलिसांत तक्रार देतोय. तू विम्याचे कागद घेऊन ये."

मास्तरांचं नाव ऐकलं आणि ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दादा मास्तरांना अरेतुरे करत होता, हे तिने आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं.

ताई ही दादाची धाकटी बहीण. कारखान्यात सगळे तिला ताईच म्हणत, दादासुद्धा. विमा कंपन्यांसाठी ती नुकसानीची पाहणी करायची. जळालेल्या गोदामात शिरायचं, राख उकरायची आणि आग कुठून लागली ते लिहून द्यायचं, हा तिचा वीस वर्षांचा धंदा. राग तिच्या नाकावर असायचा आणि तो लपवायच्या भानगडीत ती पडत नसे. मालक पहिलं बोट ज्याच्याकडे दाखवतो, तो बहुतेक वेळा तिथला सगळ्यात कमी पगाराचा माणूस असतो, हे तिने इतक्यांदा पाहिलं होतं की आता बोट उठलं की तिला मालकावरच संशय यायचा.

वडिलांनी सुरू केलेल्या त्या कारखान्यात बूट बनत, पण दुकानातले बूट ज्यांना होत नाहीत अशा पायांसाठी. एक पाय आखूड, बोटं यंत्रात गेलेली, घोटा जन्मापासून वळलेला. अशा प्रत्येक पायाचा आधी फर्मा करावा लागतो, म्हणजे पायाचा हुबेहूब ठोकळा, ज्याच्यावर बूट चढवून शिवतात. पहिली तीस वर्षं मास्तर ते लाकडात कोरत. बूट झाला की फर्म्याला चिठ्ठी बांधायची आणि तो माळ्यावर जपून ठेवायचा, कारण माणूस दोन वर्षांनी पुन्हा येतो. गेल्या दहा वर्षांत पाय कॅमेऱ्याने मोजला जायचा, फर्मा सर्व्हरमध्ये राहायचा आणि एक यंत्र तो फोममध्ये कोरून द्यायचं. फोमचा फर्माही रिवाजाने माळ्यावर जायचा, पण दुसऱ्या बुटापर्यंत तो टिकत नसे. त्या सर्व्हरच्या एका डिस्कवर अकराशे माणसांचे पाय होते. त्यातल्या कितीतरी जणांना पुन्हा मापाला आणायचं म्हणजे चार जणांनी उचलून आणायचं.

ताईने विम्याचे कागद घेतलेच नाहीत. वही घेतली आणि निघाली.

२

सर्व्हरची खोली म्हणजे जिन्याखालची कोंदट जागा. भिंतीला ओल, वर थंड हवेचं यंत्र, खाली गुडघ्याएवढं काळं धूड. त्याच्या पोटात डिस्कचा खण असतो, तो खटका दाबला की ओढून निघतो. खणाच्या जागी आता चौकोनी भोक होतं. धूळ मात्र कुठेच नव्हती, पंख्याच्या पात्यांवरसुद्धा.

"कुलूप तोडलेलं नाही," दादा म्हणाला. "किल्ली एकट्या मास्तरकडे. आज अकरा वाजता आमची बैठक होती. हा सर्व्हर म्हातारा झालाय, नवीन घ्यायचा की क्लाउडवर जायचं ते ठरवायचं होतं. सकाळी येऊन बघतो तर हे."

क्लाउड म्हणजे दूरच्या कुठल्या तरी कंपनीच्या मशीनवर भाड्याने घेतलेली जागा. ती घ्यावी असं दादाच्या जावयाचं म्हणणं होतं, आणि भाडं हा शब्द ऐकला तरी दादाचं डोकं फिरायचं. या एका गोष्टीवरून दोघे सहा महिने एकमेकांशी भांडत होते.

जावई बाहेर, कामाच्या मोठ्या खोलीतल्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसला होता. माणूस हुशार, कपडे इस्त्रीचे, आज चेहरा मात्र चुरगळलेला.

"आत्याबाई, क्लाउडवर आपली छोटी जागा वर्षभरापूर्वीच घेतली होती," तो म्हणाला. "चाचणी म्हणून. बॉक्समधलं सगळं रोज संध्याकाळी आपोआप वर जायचं. निदान जायला हवं होतं. हे बघा."

पडद्यावर एक रिकामी चौकट होती. खाते बंद आहे, अशी एक ओळ आणि खाली कोरी जागा.

"मास्तर काय म्हणाले?"

"एकच धोशा," दादा तुसडेपणाने म्हणाला. "सगळं वर टाकलंय, वर टाकलंय. याने इथे बसून दाखवलं, अहो, वर काहीच नाही. तरी तेच. मग मी पिशवी उपडी केली."

पिशवी अजून टेबलावर उपडीच होती. चष्म्याचं घर, बसचा पास, मापाची फीत, स्वच्छ घडी केलेलं फडकं, जेवणाचा डबा, बायकोच्या रक्तदाबाच्या गोळ्या. चाळीस वर्षं या घराचं काम करणाऱ्या माणसाची झडती, आणि ती सगळ्या कामगारांसमोर.

"डिस्क सापडली पिशवीत?" ताईने विचारलं.

"नाही."

"मग हे सामान अजून इथे कशासाठी मांडून ठेवलंयस? प्रदर्शन आहे?"

जावयाने खिडकीबाहेर पाहिलं, आणि बाहेर पाहण्यासारखं काहीच नव्हतं.

३

मास्तर फाटकासमोरच्या बाकावर बसले होते. चष्मा नसल्यामुळे त्यांनी ताईला आवाजावरून ओळखलं.

"घरी का नाही गेलात?"

"पास आत आहे."

"मी आणून देते पिशवी."

"नको. तुम्ही नाही आणायची." ते इतक्या शांतपणे म्हणाले की ताईला जास्तच संताप आला. तो मास्तरांवर नव्हता.

ती शेजारी बसली आणि वही उघडली. समोरचा जसा बोलेल तसं शब्दाला शब्द लिहून घ्यायचं, ही तिची धंद्यातली सवय. लोक खोटं बोलतात, पण शब्द आपापले वापरतात.

"शनिवारी काय झालं, मास्तर?"

"सांगितलं तसं केलं. दुपारी फोन आला. म्हणाले, 'सगळं वर टाका आणि बॉक्स बंद करून टाका.' मी कपाट बंद केलं, वर टाकलं, कुलूप घातलं आणि घरी गेलो."

"फोन कुणाचा?"

मास्तरांनी हातातल्या हातात बोटं मोडली. "सकाळी मी नाव घेणार होतो. पण तो माणूस माझी नजर चुकवून दुसरीकडे बघायला लागला. घरचा माणूस आहे, ताई. तो नाही म्हणाला तर माझं खरं कोण धरणार?"

"पण वर टाकलंत, हे नक्की?"

"या हातांनी टाकलं. आता हे सगळे म्हणतात वर काहीच नाही. म्हणजे माझ्यामागे कुणीतरी नेलं."

"आणि डिस्क कुठे गेली?"

"मी तरी दुसरं काय विचारतोय?"

ताईने जरा विचार केला. कुणीतरी आत शिरून सगळं पुसलं असेल, तर पासवर्ड कुणाकडे होता ते आधी बघायला हवं. म्हाताऱ्या माणसाला समजेल असं तिने विचारलं, "वरची किल्ली कुणाकुणाकडे असते?"

"वर कसली किल्ली? नुसती कडी आहे."

म्हणजे पासवर्डच नव्हता. जावयाच्या हुशारीला तिने मनातल्या मनात एक शिवी घातली. "मग तिथे ठेवणं धोक्याचं नाही वाटलं?"

"वर कोरडं असतं," मास्तर म्हणाले. "खाली ओल फार."

हेही तिने लिहून घेतलं. फाटकातून आत जाताना मात्र ते शेवटचं वाक्य चपलेत खडा गेल्यासारखं टोचत राहिलं.

४

वहिनी, म्हणजे दादाची बायको, कारखान्याचा पत्रव्यवहार बघायची. ताईने दार लावून घेतलं तेव्हाच तिचे डोळे भरले होते.

"मी काही केलेलं नाही."

"तुम्ही काही केलं असं मी म्हटलंच नाही. क्लाउडवाल्यांकडून काही पत्रं आली होती?"

वहिनीने टेबलाची कड चाचपली. "तीन आली. भाडं भरलं नाही, जागा बंद करू. मग बंद केली. मग महिन्याभरात आतलं पुसून टाकू. मी यांना दाखवली. हे म्हणाले, फेकून दे, जावयाला कळवायची गरज नाही. पुढे त्याला सांगता येईल की वर्षभर भाड्याशिवाय काही अडलं नाही."

"कधीची गोष्ट?"

"आठ महिने झाले."

आठ महिने. म्हणजे आठ महिने अकराशे पाय एका म्हाताऱ्या मशीनच्या भरवशावर होते. हे माहीत असलेला माणूस आज सकाळी दुसऱ्याची पिशवी उपडी करत होता. ताईला वाटलं, आत्ताच्या आत्ता उठावं आणि भावाच्या कानाखाली आवाज काढावा. पण अजून डिस्क सापडलेली नव्हती, आणि घड्याळात अडीच वाजले होते.

बैठकीसाठी केलेले दोघांचे हिशेब तिथेच पडले होते. दादाचा अर्ध्या पानाचा, हाताने लिहिलेला: नवीन सर्व्हर, वीज, थंड हवा, आणि देखभालीपुढे शून्य. जावयाचे बारा पानांचे रंगीत तक्ते, आणि क्लाउडच्या रकान्यात देखभालीपुढे तेच शून्य. दोघांचं सहा महिन्यांत फक्त एवढ्या एका आकड्यावर एकमत झालं होतं.

पण खोलीत पंख्यावर धूळ नव्हती, आणि ती आपोआप जात नाही.

"सर्व्हरची साफसफाई कोण करतं, वहिनी?"

"मास्तर. दर महिन्याला. खण काढतात, पुसतात, परत बसवतात. थंड हवेचं यंत्र बंद पडलं तर सुट्टीच्या दिवशीही येतात."

"त्याचे काही जास्तीचे देता?"

वहिनी गोंधळली. "त्याचे कसले द्यायचे? ते मास्तरच आहेत ना."

५

ताई कारखान्याच्या मोठ्या खोलीत आली आणि वही चाळत उभी राहिली. फर्मे कोरायचं यंत्र बंद होतं, पण शिलाईचं काम चालू होतं. खोलीच्या या टोकाला काचेची भिंत, पलीकडे ऑफिस. काचेच्या आत शर्ट, बाहेर कातडी एप्रन. वडिलांच्या वेळी ती भिंत नव्हती.

तिने मास्तरांचं पहिलं वाक्य पुन्हा वाचलं. 'बॉक्स बंद करून टाका.' दादा त्या धुडाला सर्व्हर म्हणायचा. मास्तर स्वतः कपाट म्हणायचे, आताही म्हणाले होते. बॉक्स म्हणणारा माणूस या इमारतीत एकच होता, आणि तोच सकाळपासून खिडकीबाहेर बघत होता.

म्हणजे फोन जावयाचा. पण मग डिस्क कुठे?

कडी आहे. कोरडं असतं. ही कसली जागा, जिला पासवर्ड नाही पण कडी आहे, आणि जी ढगात असून कोरडी आहे?

तेवढ्यात शिलाईवाली बाई बूट उतरवून मोकळा झालेला फर्मा हातात घेऊन तिच्यापुढे आली. "ताई, मास्तर नाहीत. मग हे आज वर कोण टाकणार?"

ताईने तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या हातातल्या फर्म्याकडे. मग खोलीच्या कोपऱ्यातल्या शिडीकडे.

लहानपणी शाळेतून आल्यावर ती याच खोलीत अभ्यास करायची आणि वडील दिवसातून दहा वेळा ओरडायचे, वर टाक रे. चाळीस वर्षं इथे वर या शब्दाचा एकच अर्थ होता. काचेच्या आतल्या लोकांनी तो गेल्या वर्षी बदलला आणि काचेच्या बाहेर कुणाला सांगितलं नाही.

"मीच टाकते," ताई म्हणाली. तिने फर्मा काखेत मारला आणि शिडीवर पाय ठेवला.

६

साडेतीन वाजता तिने सगळ्यांना मोठ्या खोलीत बोलावलं. ऑफिसात नाही, शिलाईवाल्यांच्या समोर. दादाच्या हातात तक्रारीचा कागद होता.

"तो आधी खिशात ठेव," ताई म्हणाली. "नाहीतर मी सांगते त्या नावाने पुन्हा लिहावा लागेल." मग ती जावयाकडे वळली. "शनिवारी मास्तरांना फोन कुणी केला?"

जावयाने पुन्हा खिडकीकडे पाहिलं.

"बॉक्स म्हणणारा माणूस इथे एकच आहे. मास्तरांनी तुमचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं, तुमचं नाव मात्र घेतलं नाही. तुमच्यापेक्षा त्यांनाच तुमच्या अब्रूची काळजी जास्त."

"मी वाईट हेतूने नाही केलं," जावई कसाबसा म्हणाला. "मला वाटलं, शेवटची प्रत वर जाईल, बॉक्स बंद असेल, आणि आज बैठकीत सासरेबुवांना दाखवता येईल की बॉक्सशिवाय काम चालतं. मी बाहेरगावी होतो. पडद्यावर बटण आहे, 'वर पाठवा'. मला वाटलं मास्तर ते दाबतील."

"बटण कधी दाखवलं होतंत?"

दाखवलं नव्हतं. ते त्याच्या तोंडावरच लिहिलेलं होतं.

"आणि सकाळी जागा रिकामी निघाली तेव्हा तुम्ही हात वर केलेत. एक वाक्य बोलायचं होतं, फोन मी केला होता म्हणून. तेवढं बोलला असता तर ती पिशवी उपडी झाली नसती."

"बघ," दादा म्हणाला, "मी सांगत होतो, हा क्लाउड—"

"तू तर बोलूच नकोस." ताईचा आवाज चढला नाही, उलट खाली आला, आणि दादाला तो लहानपणापासून माहीत होता. "जागा रिकामी का होती ते तुला सकाळीच ठाऊक होतं. भाडं तू थांबवलंस. तीन पत्रं तू फेकायला लावलीस. स्वतःचं झाकायला तुला चोर हवा होता, आणि चोर म्हणून तुला मास्तर सापडले."

खोलीत शिलाईचं एकही यंत्र चालत नव्हतं.

"डिस्क गेली ना पण?" दादा पुटपुटला.

"मास्तर सकाळपासून सांगतायत ती कुठे आहे. डिस्क वर आहे. तुम्ही लॅपटॉप उघडलात आणि म्हणालात, वर काहीच नाही. त्यांना वाटलं तुम्ही माळा बघून आलात. ते बिचारे तेव्हापासून समजतायत की त्यांनी ठेवलेली वस्तू कुणीतरी चोरली. शिडी वीस पावलांवर आहे, दादा. तुमच्यापैकी एकाचाही पाय तिकडे वळला नाही."

तिने एप्रनमध्ये गुंडाळलेलं पुडकं टेबलावर ठेवलं. मऊ कातड्यात नीट बांधलेला खण, आणि दोरीला मास्तरांच्या अक्षरातली चिठ्ठी, जशी ते चाळीस वर्षं प्रत्येक फर्म्याला बांधत आले होते. नावापुढे लिहिलं होतं: सगळे. पायापुढे: दोन्ही. खाली शनिवारची तारीख.

शिलाईवाली बाई पदराने डोळे पुसू लागली. जावयाने खण जिन्याखालच्या खोलीत नेऊन बसवला आणि पंखा फिरायला लागला. पाय सगळे जागेवर होते.

"आता तुमची बैठक घेऊन टाकते," ताई म्हणाली. "रोज कोरायचे फर्मे इथेच राहतील, कारण यंत्र इथे आहे आणि काम बारा महिने सारखंच आहे. अशा कामाला भाड्याचं मशीन परवडत नाही, दादाचं तेवढं बरोबर. पण एक प्रत रोज बाहेर गेलीच पाहिजे. मी जळालेली गोदामं बघते, तिथे शेजारच्या कपाटातली प्रतही जळालेली असते. हे अकराशे पाय पुन्हा मोजायला जे लागेल त्याच्यापुढे त्या जागेचं भाडं काहीच नाही, जावयाचं एवढं बरोबर. उद्या चार गावांत दुकानं काढलीत, काम कधी दुप्पट कधी निम्मं व्हायला लागलं, तर पूर्ण क्लाउडचा विचार करा. आणि दोघांच्या कागदावर देखभालीपुढे शून्य आहे. मशीन घरचं असो की भाड्याचं, प्रत पोचली का हे रोज बघणारा माणूस लागतो. तो तुमच्याकडे होता. तुम्ही त्याला मोजलंच नाही, आणि आज त्याची झडती घेतलीत."

दादाने तक्रारीचा कागद फाडला. "मी त्यांना बोलावून आणतो," तो म्हणाला. सकाळपासून पहिल्यांदा त्याच्या तोंडी 'त्यांना' आलं.

७

मास्तर आत आले, पण आपल्या जागेवर गेले नाहीत. टेबलापाशी उभे राहिले. सामान सकाळी पडलं होतं तसंच पडलेलं होतं.

"चुकलं माझं, मास्तर," दादा म्हणाला. "सगळ्यांसमोर सांगतो. उद्यापासून देखभालीचा पगार वेगळा."

"तो द्याच," मास्तर म्हणाले. "पण मी उद्या येईन की नाही, ते अजून ठरलेलं नाही. आधी पिशवी भरा. ज्याने उपडी केली त्याने भरायची."

जावई मदतीला पुढे सरकला. ताईने त्याचा दंड धरून त्याला मागे ओढलं.

कामगार बघत होते. दादाने रिकामी पिशवी सरळ केली आणि हाताला आली ती वस्तू आत सोडली. चष्म्याचं घर, पास, फीत. मास्तरांनी सगळं परत बाहेर काढून टेबलावर ठेवलं.

"असं नाही. डबा खाली. मग फडकं. फीत कडेला. गोळ्या वर."

दादाने डबा ठेवला. फडकं ठेवलं. फीत कडेला सरकवली. मग गोळ्यांची पट्टी उचलली आणि त्याचा हात पिशवीच्या तोंडाशी थांबला. पिशवीला आतून एक छोटा कप्पा होता, तो त्याला आत्ता दिसला.

त्याने मान वर करून मास्तरांकडे पाहिलं.

"वर म्हणजे कुठे, मास्तर?" त्याने विचारलं.